शेल स्क्रिप्ट अर्ध्यावर थांबली तरी मागे पसारा राहू नये म्हणून

रत्नागिरीत पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. यूपीएसची बॅटरी उतरू लागली की आमची एक छोटी स्क्रिप्ट, आंबा बागायतदारांच्या हिशेबाची रोजची प्रत काढणाऱ्या मुख्य बॅश स्क्रिप्टला (बॅश या शेलने ओळीने चालवायच्या आज्ञांच्या फाइलला) टर्म सिग्नल, म्हणजे ‘आता थांब’ असे सांगणारा क्रमांक १५ चा संकेत, पाठवते आणि मग संगणक बंद करते. तेवढ्या अवधीत मुख्य स्क्रिप्टने आपला पसारा आवरलाच पाहिजे.

आरंभी सेट आज्ञेने ई (आज्ञा फसली की स्क्रिप्ट थांबवणारा), यू (न ठरवलेले चल वापरल्यास थांबवणारा) आणि पाइपफेल (पाइपने जोडलेल्या आज्ञांपैकी एक फसली तरी अपयश धरणारा) हे पर्याय चालू करावेत. मात्र ‘ई लावला की झाले’ हा सल्ला घातक आहे. इफच्या अटीत बोलावलेल्या फंक्शनच्या आत ई निष्प्रभ असतो. आणि फंक्शनपुरते चल करण्यासाठी लोकल लिहून त्याच ओळीत एखाद्या आज्ञेचे उत्तर चलात भरले, तर त्या आज्ञेचे अपयश लोकलच्या यशाखाली झाकले जाते.

तात्पुरती फाइल एमकेटेम्प या आज्ञेने, अंतिम फाइल जिथे ठेवायची त्याच फोल्डरमध्ये तयार करावी आणि ती पुसणारे फंक्शन एक्झिटच्या ट्रॅपला, म्हणजे स्क्रिप्ट संपताना आपोआप चालणाऱ्या तजविजीला, जोडावे. असा ट्रॅप सिग्नलसाठीही लावता येतो.

खरी अडचण यानंतर येते. टर्मसाठी ट्रॅप लावला, तरी समोर चालू असलेली आज्ञा संपेपर्यंत बॅश तो चालवत नाही. मला हे ठाऊक नव्हते. मी कंट्रोल-सी दाबून चाचणी घेतली आणि निर्धास्त झालो. पण कंट्रोल-सीचा इंट सिग्नल टर्मिनलवरील समोरच्या सगळ्या प्रक्रियागटाला, म्हणजे स्क्रिप्ट आणि तिने चालवलेल्या आज्ञा या सगळ्यांना, जातो, त्यामुळे प्रत काढणारी आज्ञाही मरते आणि ट्रॅप लगेच चालतो. टर्म मात्र एकट्या स्क्रिप्टला गेला होता. ती प्रत पुरी होण्याची वाट पाहत राहिली, तोवर संगणक बंद होताना जागीच मारणारा क्रमांक ९ चा किल सिग्नल आला, आणि सकाळी अर्धवट फाइल तेवढी उरली होती. कंट्रोल-सीच्या चाचणीवर कधीही विश्वास ठेवू नका.

उपाय असा: लांबणारी आज्ञा अँपरसँड लावून पार्श्वभूमीत सोडावी, डॉलर-उद्गारचिन्हातून तिचा प्रक्रिया क्रमांक लगेच साठवावा आणि वेट या आज्ञेने तिची वाट पाहावी. ट्रॅप लावलेला सिग्नल येताच वेट परततो. टर्मच्या ट्रॅपमध्ये आधी त्या प्रक्रियेला टर्म पाठवावा, तिच्यासाठी पुन्हा वेट करावे आणि मग एक्झिट १४३ म्हणावे, म्हणजे संपताना हा कोड मागे ठेवावा, कारण १२८ मध्ये सिग्नलचा क्रमांक मिळवण्याचा प्रघात आहे. आतल्या किल (सिग्नल पाठवणारी आज्ञा) आणि वेट या दोन्ही आज्ञांना ‘नाहीतर ट्रू’, म्हणजे दोन उभ्या रेघा आणि ट्रू, जोडावे, म्हणजे त्या फसल्या तरी चालते; एरवी ई मुळे आवराआवर अर्ध्यावरच थांबते. इंटच्या ट्रॅपमध्येही हेच करावे, फक्त कोड १३० द्यावा; तिथेही टर्मच पाठवावा, कारण स्क्रिप्टने पार्श्वभूमीत सोडलेली प्रक्रिया इंटकडे दुर्लक्ष करते.

किल सिग्नलला ट्रॅप लागतच नाही. म्हणून लॉकसाठी, म्हणजे स्क्रिप्ट एका वेळी एकदाच चालावी यासाठी, एखादी फाइल आहे की नाही हे पाहू नये, कारण किलनंतर ती पुसली जात नाही; फाइलला कुलूप लावणारी एफलॉक ही आज्ञा वापरावी. ती फाइल उघडी धरणाऱ्या प्रक्रिया संपल्या की कर्नल कुलूप स्वतःच सोडतो. प्रत पूर्ण झाल्यावरच एमव्ही या नाव बदलणाऱ्या आज्ञेने तिला अंतिम नाव द्यावे.

चाचणी दुसऱ्या टर्मिनलवरून, स्क्रिप्टच्या एकट्या प्रक्रिया क्रमांकाला टर्म पाठवून घ्यावी आणि एक्झिट कोड १४३ आला का, तात्पुरती फाइल गेली का, हे दोन्ही पाहावे.