संडासच्या जागेजवळची गाठ: चीर देण्याआधी या चुका टाळा

गुदद्वाराच्या कडेला सूज घेऊन कोणी आलं की तीनच नावं डोक्यात येतात: मूळव्याध, भगंदर, बेंड. बहुतेकांना यांपैकीच काहीतरी असतं, हेही खरं. पण त्याच जागी स्नायूंतून, चरबीतून किंवा नसांच्या आवरणातून उठणारा कॅन्सरही होतो. त्याला सार्कोमा म्हणतात. मोठ्या माणसांच्या सगळ्या कॅन्सरांत सार्कोमाचा वाटा जेमतेम १ टक्का, आणि गुदद्वाराशेजारचा तर फारच विरळ. चोपडा, शिरपूर किंवा शहाद्याला काम करणाऱ्या सर्जनला तो सगळ्या कारकिर्दीत एखाददुसऱ्या वेळीच भेटेल. इतका क्वचित भेटतो म्हणून त्याच त्याच चुका होत राहतात, आणि त्या निस्तरताना रोग्याचं जे नुकसान होतं ते पाहून मला आता राहवत नाही.

पू आला नाही, तरी चीर वाढवत जाणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. यावलकडचा एक केळीवाला शेतकरी, पन्नाशीतला. डाव्या बाजूला, गुदद्वारालगत गाठ. मोटारसायकलवर बसलं की रुतते, एवढीच तक्रार. ताप नाही, ठणका नाही, रात्री झोप शांत. एका ठिकाणी त्याला बेंड म्हणून चीर दिली गेली. पू आलाच नाही. आलं ते काळपट रक्त आणि माशाच्या मांसासारखा पांढुरका, गिळगिळीत ऐवज. तिथे हात थांबायला हवा होता. उलट आत बोट फिरवून कप्पे मोडले, गॉज भरला आणि गोळ्या देऊन घरी पाठवलं. दोन महिन्यांत गाठ परत आली. या वेळी चीर आणखी मोठी, तीही आडवी. मग जखम भरेना आणि जखमेतूनच मांस वर येऊ लागलं, तेव्हा भाऊ त्याला माझ्याकडे घेऊन आला. "डाक्टर, याले दुखस नही, म्हनीसन यानी कोनलेच सांगं नही," भाऊ म्हणाला.

एमआरआयमध्ये गाठ ९ सेंटिमीटरची निघाली, बाहेरच्या स्फिंक्टरला, म्हणजे संडास रोखून धरणाऱ्या स्नायूला, चिकटलेली आणि दोन्ही चिरांच्या वाटेने कातडीपर्यंत आलेली. ट्रू-कट बायोप्सीत, म्हणजे जाड सुईने काढलेल्या तुकड्यात, लिओमायोसार्कोमा निघाला, स्नायूतून उठणारा सार्कोमा. त्याला मुंबईत परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलला पाठवलं. आधी रेडिएशनच्या २५ बैठका, एकूण ५० ग्रे. नंतर ऑपरेशन. दोन्ही जुन्या चिरांची कातडी, खालची चरबी आणि स्नायू, सगळं गुदद्वारासकट काढावं लागलं. खड्डा बुजवायला फ्लॅप, म्हणजे शेजारून फिरवून आणलेलं कातडी-मांस, आणि पोटावर संडासची कायमची पिशवी. पहिल्या चिरेआधी ती गाठ स्फिंक्टरपासून मोकळी होती की नाही, हे आज कोणीच सांगू शकत नाही, कारण तेव्हा एमआरआय झालाच नव्हता. त्याचं गुदद्वार वाचलं असतं का, या प्रश्नाला उत्तर नाही, आणि मला हे फार लागतं.

बेंड ओळखायला मोठी यंत्रं लागत नाहीत. किती दिवसांपासून आहे आणि काल रात्री झोप लागली का, हे दोन प्रश्न मी आधी विचारतो. बेंड चार-सहा दिवसांचं असतं, ठणकतं, माणूस एका कुल्ल्यावर तिरका बसतो, त्याला रात्र काढवत नाही. आठवडे-महिने हळूहळू वाढणारी, घट्ट, न दुखणारी गाठ बेंड नसते. मग हातमोजा घालून आतून बोटाने तपासायचं. लाजेपोटी रोगी नको म्हणतो आणि घाईपोटी डॉक्टरही सोडून देतो. बाईमाणूस असेल तर नर्सताईंना शेजारी उभं करा, नीट समजावून सांगा, पण तपासल्याशिवाय पाठवू नका.

शंका असली तर चीर देण्याआधी मी जाड सुईने ओढून बघतो. सुई घालायची ती पुढच्या ऑपरेशनमध्ये जी कातडी काढली जाईल तिथूनच. पू आला तर चीर. पू नाही तर एमआरआय. आणि चीर दिल्यावरच कळलं की आत पू नाही, तर तिथेच थांबा: एक तुकडा घ्या, रक्त थांबवा, ड्रेसिंग करा आणि नातेवाइकांना खरं सांगा. खऱ्या बेंडाला मात्र तपासण्यांसाठी ताटकळत ठेवू नका. मधुमेह असेल तर एक रात्रसुद्धा नाही, तिथे सडणं भराभर पसरतं.

तुकडा फेकून देणं, किंवा सलाईनमध्ये पाठवणं

"साधं बेंडच होतं, काय पाठवायचं?" हे वाक्य मी पुष्कळ ऐकलंय. कुजलेल्या ट्यूमरमध्येही पू होतो, म्हणून पू आला की सुटलो असं नाही. बेंड फोडताना भिंतीचा एक तुकडा पॅथॉलॉजीला पाठवायचाच, हा माझा नियम आहे. खर्च थोडा वाढतो. तो मी रोग्याला समजावून सांगतो, आणि आजवर कोणी भांडलेलं नाही.

तुकडा पाठवतानाही घोळ होतो. आपल्याकडे टीबीचं भगंदर दिसतं, म्हणून टीबीसाठी तुकडा सलाईनमध्ये पाठवायची सवय हाताला लागलेली असते. कल्चरला आणि सीबीनॅटला (टीबीचे जंतू शोधणारी तपासणी) ते बरोबरच आहे, फॉर्मलिनमध्ये टाकलेला तुकडा त्यांच्या कामाचा नाही. पण कॅन्सरच्या तपासणीला तोच तुकडा सलाईनमध्ये टाकून एसटीच्या पार्सलने जळगावला पाठवलात, तर मे महिन्यातल्या आपल्या उन्हात पेशी वाटेतच गळून जातात. रिपोर्ट येतो, 'नमुना तपासण्यालायक नाही'. म्हणून दोन डब्या ठेवा. एक १० टक्के फॉर्मलिनची, त्यात तुकड्याच्या दहापट द्रव हवा. दुसरी सलाईनची. दोन्हींवर नाव, बाजू आणि तारीख, तीही तिथल्या तिथे. मी ऑपरेशनला उभा राहण्याआधी या डब्या टेबलावर आहेत का ते स्वतः बघतो.

टीबीचाच दुसरा भाग: रिपोर्ट नसताना "एकेटी (टीबीची औषधं) देऊन बघू". घट्ट गाठीवर महिनोन्महिने टीबीची औषधं चालतात, गाठ वाढत राहते आणि सगळे सहा महिने पुरे व्हायची वाट बघतात. पुरावा नसेल तर एकेटी सुरू करू नका.

गोळा अलगद सुटून आला, याचा आनंद

नवीन डॉक्टर मुलांना हे समजावणं सगळ्यात अवघड जातं. सार्कोमाभोवती एक आवरण दिसतं. बोटाने सोडवत गेलं की गोळा सुरेख निघतो, फोटो काढला जातो. पण ते आवरण दाबल्या गेलेल्या पेशींचं असतं आणि त्यात व त्याच्या पलीकडे कॅन्सरच्या पेशी उरतात. गाठ परत येते आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा मोठं होतं. सार्कोमा काढायचा तो चारी बाजूंनी निरोगी मांसाच्या आवरणासकट. गुदद्वाराजवळ असं मांस मुळातच थोडं असतं, म्हणून पहिली संधी वाया घालवायची नाही. गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोलवर, वाढती किंवा एकदा काढून परत आलेली असेल, तर क्रम ठरलेला: एमआरआय, मग ट्रू-कट, मग कॅन्सर सेंटरच्या ट्यूमर बोर्डापुढे, म्हणजे सगळे तज्ज्ञ मिळून उपचार ठरवतात तिथे, फाइल. एमआरआय आधी, कारण सुईनंतरचं रक्त आणि सूज चित्र बिघडवतात. सुई बाहेरच्या कातडीतून घाला. गुदाशयातून किंवा योनीमार्गातून घातली तर तो निरोगी मार्गही पुढे काढायच्या यादीत जातो.

एफएनएसीवर, म्हणजे बारीक सुईने ओढलेल्या पेशींवर, भागवू नका. चार सुट्या पेशींवरून सार्कोमाचा प्रकार ठरत नाही, त्याला तुकडा आणि इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींचा प्रकार ओळखणारी खास रंगतपासणी) लागते. आणि प्रकारावरच सगळं उभं आहे. गुदद्वाराचा नेहमीचा कॅन्सर, म्हणजे कातडीसारख्या अस्तरातून उठणारा स्क्वॅमस, त्याला १९७४ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्मन नायग्रो यांनी दाखवलेल्या वाटेने केमो आणि रेडिएशन एकत्र देतात. पुष्कळांचं गुदद्वार ऑपरेशनशिवाय वाचतं. सार्कोमात मुख्य उपचार ऑपरेशन, रेडिएशन त्याच्या जोडीला. जागा एकच, पण उपचारांचा क्रम उलटा. रिपोर्ट हातात नसताना शेक (रेडिएशन) सुरू करायची घाई करणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं. लिम्फोमा, म्हणजे लिम्फ पेशींचा कॅन्सर, असेल तर ऑपरेशनची गरजच नसते, औषधांवर काम होतं. बाईच्या जांघेत किंवा गुदद्वाराशेजारी मऊ, लहानशी दिसणारी गाठ कधी अॅग्रेसिव्ह अँजिओमिक्सोमा निघते. ती सहसा दूर पसरत नाही, पण बाहेर दिसते त्याच्या कितीतरी पट आत ओटीपोटात असते. सोनोग्राफीवर विसंबून ती काढायला जाऊ नका.

लहान मुलाच्या गुदद्वाराजवळ घट्ट गाठ दिसली तर तालुक्याच्या ठिकाणी हातच लावू नका. रॅब्डोमायोसार्कोमा, म्हणजे मुलांत होणारा स्नायूचा सार्कोमा, असू शकतो. त्याला केमो लागतेच, आणि ही जागा त्या आजारात अवघड जागांमध्ये धरतात. धडगाव-अक्कलकुव्याकडून येणाऱ्या आई-बापांना आधी कोणीतरी लेप, डाग असं काही केलेलं असतं. त्यांना रागावू नका, पुन्हा येणार नाहीत.

जांघेतल्या गाठी तपासायला विसरू नका. सार्कोमा बहुधा रक्तातून फुप्फुसांत जातो, पण रॅब्डोमायोसार्कोमा आणि एपिथेलिऑइड सार्कोमा (आणखी एक विरळ प्रकार) लिम्फ गाठींतही जातात. छातीचा सीटी ऑपरेशनच्या आधी.

आता रोग्यांसाठी. क्षारसूत्र, म्हणजे भगंदराच्या नळीत औषधी दोरा घालणं, हा भगंदरावर चांगला उपचार आहे, जाणत्या वैद्याकडे जरूर घ्या. पण दोरा घालायला नळी लागते, भरीव गाठीला नळी नसते. 'बिना ऑपरेशन हमखास गुण' अशी पाटी वाचून भरीव गाठीवर काहीही लावून घेऊ नका. आणि दुखत नाही म्हणून घरी बसू नका. या जागी न दुखणारी वाढती गाठ जास्त काळजीची.

मुंबईला जाताना फक्त रिपोर्टचा कागद नेऊ नका. लॅबमधून काचेच्या स्लाइड्स आणि तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या, तिथले पॅथॉलॉजिस्ट स्वतः बघतात. एमआरआयची सीडी, आधीच्या ऑपरेशनच्या नोट्स, आधार आणि रेशनकार्ड सोबत ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे पुष्कळ उपचार बसतात, त्यामुळे शेत गहाण टाकण्याआधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा. पोटावरच्या पिशवीच्या धास्तीने ऑपरेशन लांबवणारे बरेच असतात. मी अशांची पिशवी घेऊन शेती करणाऱ्यांशी गाठ घालून देतो. माझ्या तासभर बोलण्याने जे होत नाही, ते त्यांच्या दहा मिनिटांत होतं.

ऑपरेशननंतर पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी जखमेची जागा, जांघ आणि छाती तपासावी लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत हमखास खाडे पडतात, म्हणून मी पुढची तारीख वेचणीच्या आधीची देतो आणि घरातल्या धाकट्या पोराच्या मोबाइलवर टाकायला लावतो.