डिझेलने भिजलेली माती: जेसीबी बोलावण्याआधी या चुका टाळा

कारखान्यातली जुनी डिझेलची टाकी काढताना माती काळपट निघाली, वास सुटला, की पहिला फोन जातो जेसीबीवाल्याला. सुरुवातीच्या वर्षांत मीही तेच केलं. एका एमआयडीसीतल्या आवारात माती स्वच्छ दिसेपर्यंत खणली आणि खड्डा मुरमाने भरून टाकला. पहिल्याच पावसानंतर कुंपणालगतच्या विहिरीवर तवंग आला. टाकीपाशी होतं ते नुसतं भरताना सांडलेलं डिझेल. खरी गळती बॉयलरकडे जाणाऱ्या पाइपच्या जोडाला होती.

म्हणून आधी कागद आणि माणसं. जुने नकाशे, डिझेलच्या साठ्याचं रजिस्टर, पिंपं ठेवायची जागा, बुजवलेली गटारं. आणि निवृत्त फिटरसोबत एक चहा. नकाशात नसलेला पाइप त्याच्या डोक्यात असतो.

आपल्याकडच्या जमिनीचा वेगळा त्रास आहे. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगांचा कातळ. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि तेल तिथून थेट खाली उतरतं. वरचा फूटभर थर चांगला निघाला म्हणून खूश होऊ नका. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते भूजलावर तरंगतं. पावसाळ्यात पातळी वर येते, मे महिन्यात खाली जाते, आणि तेलही तिच्यासोबत वर-खाली होत मधली सगळी माती माखतं. कातळात तर ते भेगा नेतील तिकडे जातं, जमिनीचा उतार बघून नाही.

इथेच सर्वांत महागडी चूक होते. तपासणीच्या बोअरमधल्या केसिंगचे (आत बसवलेल्या पाइपचे) स्लॉट, म्हणजे पाणी आत येण्याच्या फटी, पाण्याच्या पातळीच्या खाली ठेवले, तर वर तरंगणारं तेल आत येतच नाही. रिपोर्ट स्वच्छ, मालक समाधानी, तेल आहे तिथेच. स्लॉट पातळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे हवेत, आणि मोजणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा करावी. उलट बाजूही लक्षात ठेवा: बोअरमध्ये हातभर तेल दिसलं म्हणजे जमिनीत हातभर थर आहे असं नव्हे. बोअरमध्ये तो बहुधा जाडच दिसतो.

नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून जीपच्या बॉनेटवर ठेवलेला मी पाहिलाय. इंधनातलं बेन्झीन ८० अंशांना उकळतं, पण उडून जायला त्याला ऊनही पुरतं. काचेची बाटली काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, बर्फात ठेवून ४ अंशांच्या आसपास लॅबला पोचवा. चार ठिकाणची माती घमेल्यात कालवून एकच नमुना केलात, तर वायुरूप घटक तिथेच गेले. लॅबला नुसतं 'ऑइल अँड ग्रीस' सांगू नका, त्यात कँटीनचं तेलही मोजलं जातं. टीपीएच (एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन) आणि बीटीईएक्स (बेन्झीन, टोल्युइन, एथिलबेन्झीन, झायलीन) मागा. फर्नेस ऑइल असेल तर पीएएचही (अनेक वलयांची जड हायड्रोकार्बन). वास घेऊन माती तपासायची सवय मात्र सोडा. खड्ड्यात उतरण्याआधी हवेतला वायू मोजणारा गॅस मीटर लावा.

मग सफाईसाठी येते तेल खाणाऱ्या जिवाणूंची पावडर. टेरी संस्थेच्या 'ऑइलझॅपर'सारखी मिश्रणं काम करतात, पण हवा, ओल आणि खत मिळालं तरच. कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस साधारण १००:१०:१ धरतात. काळ्या मातीची ढेकळं फोडलीच नाहीत तर आत हवा जाणार कशी? उघड्या जमिनीवर ढीग लावला तर दुसरी जागा नासते, म्हणून खाली जाड शीट आणि पावसात वर ताडपत्री हवीच. पेट्रोलची माती नुसती उलथत राहिलात, तर सफाई होत नाही, प्रदूषण हवेत जातं. चांगली माती मिसळून आकडा खाली आणणं ही तर शुद्ध फसवणूक.

खणून काढलेली दूषित माती गावच्या रस्त्याच्या भरावाला देऊ नका. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ती मॅनिफेस्टसह (वाहतुकीच्या नोंदपत्रासह) तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत केंद्रात जाते. जुलै २०२५ मध्ये दूषित जागांसाठी वेगळे नियमही आलेत. सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याच्याच खिशातून.

खणून झाल्यावर खड्ड्याच्या तळासोबत चारही भिंतींचे नमुने घ्या. माखलेला थर बहुतेक वेळा भिंतीतच दडलेला असतो. रिपोर्ट येईपर्यंत मुरमाचा डंपर गेटबाहेर उभा राहू दे. त्याचं भाडं चढतं, चढू दे.