वाढदिवसाला घंटागाडी: लहान मुलाच्या पार्टीची थीम कशी ठरवावी

मी नाशिकच्या सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या कामात खोट काढायची आणि त्याचाच पगार घ्यायचा. एवढा अनुभव गाठीशी असूनही गेल्या वर्षी लेकीच्या, इराच्या, तिसऱ्या वाढदिवसाला मी जो माल पास केला तो आठवला की अजून कसंतरी होतं. थीम होती जलपरी. इराने जलपरी कधी पाहिलीसुद्धा नव्हती. डेकोरेशनवाल्याच्या मोबाइलमध्ये चाळीसेक फोटो होते, त्यातला गुलाबी-जांभळा आम्हा नवरा-बायकोला आवडला, झालं. शेपटीचा झगा ऑनलाइन मागवला. तो पायाशी इतका अरुंद, की पोरीला पाऊलच टाकता येईना. घरात पंचवीस पाहुणे, भिंतभर फुग्यांची कमान, आणि उत्सवमूर्ती एका जागी उभी राहून भोकाड पसरलेली. शेवटी केक कापला तो बनियन-चड्डीवर. फोटोत कमान मात्र फार छान आलीये.

यंदा चौथा. या वेळी कॅटलॉग बघायचाच नाही असं ठरवलं, आणि पहिलं काम केलं ते फ्रिजवर एक कोरा कागद चिकटवायचं. पंधरा दिवस रोज रात्री त्यावर एकच ओळ लिहायची: आज इरा आपणहून काय खेळली. टीव्हीवर काय पाहिलं ते नाही, कुणी दिलेल्या खेळण्याशी पाच मिनिटं काय केलं तेही नाही. आपणहून. पंधरा दिवसांनी मोजलं: दुकान-दुकान २, बाहुलीला इंजेक्शन ३ (बायको नर्स आहे), एक दिवस ताप, आणि घंटागाडी ९.

घंटागाडी म्हणजे आमच्या गल्लीत सकाळी येते ती कचऱ्याची गाडी. इराचा खेळ असा: प्लॅस्टिकचं स्टूल उलटं करायचं, ढकलत प्रत्येक खोलीच्या दाराशी न्यायचं, तोंडाने ‘टण टण टण’ करायचं आणि आजीला दरडावून विचारायचं, “ओला का सुका?” आजीने चुकून दोन्ही एकत्र दिलं तर गाडी तशीच पुढे. खरी गाडी आली की ही दात घासता घासता गॅलरीत धावते. हे मी रोज बघत होतो, पण ही थीम आहे हे कागदावर ९ आकडा दिसेपर्यंत डोक्यात आलं नाही.

मुलांना सरळ विचारू नका. मी विचारून पाहिलं. सोमवारी हत्ती, मंगळवारी ‘केकची थीम’, बुधवारी ‘आजीचं घर’. या वयात उत्तर त्या क्षणाचं असतं आणि आपण त्यावर आगाऊ रक्कम भरून बसतो.

वयाचंही थोडं बघावं लागतं. पहिला वाढदिवस हा आईबापाचा. बाळाला फुगा आणि कागद फाडायला मिळाला की त्याचं भागलं. तेव्हा थीम हवीच तर तुमच्या हौसेपुरती करा, फक्त ती बाळाची आहे असं स्वतःला सांगू नका. दुसऱ्याला एखादा प्राणी, एखादा रंग, बस्स. तीन-चारला मुलांना मोठ्यांची कामं करायची असतात: ड्रायव्हर, डॉक्टर, भाजीवाली, कंडक्टर. या वयाला याहून चांगली थीम नाही, कारण त्यात मुलाला करायला काहीतरी असतं. पाच-सहाला गोष्टीतली, कार्टूनमधली पात्रं येतात आणि मग निवड त्यांचीच, आपण फक्त पैसे द्यायचे. मुखवटा घातलेला किंवा अस्वलाच्या वेषातला माणूस बोलावणार असाल तर पोरगं घाबरतं का ते आधी पाहा. चार वर्षांच्या आतली बरीच घाबरतात.

कुठलीही थीम सुचली की मी तिला तीन प्रश्न विचारतो. वाढदिवसाच्या मुलाला यात काही करता येईल, की नुसतं उभं राहायचं? ते घालून पळता येईल का, आणि शू आली तर पटकन काढता येईल का? तिसरं, बोलावलेल्या बाकी पोरांना ते न समजावता कळेल का? जलपरी तिन्हींत नापास. घंटागाडी तिन्हींत पास.

चौथी परीक्षा घरात असते. आईला सांगितलं तेव्हा ती कोथिंबीर निवडत होती. हात थांबला.

“वाढदिवसाला कचरा? अरे, शुभ दिवशी लोक काय म्हणतील?”

“आई, कचरा नाही. गाडी.”

“गाडी कशाची?”

यावर मला उत्तर नव्हतं. मग मी बोरन्हाण काढलं. इराचं बोरन्हाण आईनेच हौसेने केलेलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे आणि गोळ्या ओतायच्या, पोरांनी त्या लुटायच्या. रंग ठरलेला, दागिने ठरलेले, खाऊ तोच खेळ आणि तोच घरी न्यायचा. संक्रांत ते रथसप्तमी आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या थीम पार्टीच करत आल्या, फक्त डेकोरेशनवाला बोलावला नाही. आई हसली, पण अट घातली: आधी पाटावर बसवून औक्षण, मग तुमचं काय ते. आणि देवघरातली घंटा मिळणार नाही. ती मी मागणार होतो हे तिने ओळखलं होतं.

एक गोष्ट बायकोने पुढे आणली आणि ती तुम्हीही लक्षात घ्या. कुणाच्या कामावर थीम करताना ती थट्टा होऊ नये. त्या गाडीवर दोन दादा येतात. त्यांच्यासारखं दिसण्यासाठी तोंडाला काळं फासणं, कपडे मळवणं असलं काही चालणार नाही. मी आदल्या आठवड्यात त्यांना सांगून टाकलं, “दादा, पोरीचा वाढदिवस आहे, तुमची गाडी करतोय.” एक जण म्हणाला, “मग हॉर्न पण लावा.” वाढदिवसाच्या सकाळी इराने खाली जाऊन दोघांना पेढे दिले आणि त्यांनी तिला दोरी ओढून एकदा घंटा वाजवू दिली. खरं तर पार्टी तिथेच झाली होती.

आता तयारी. थीम घरभर पसरवायची नाही. मी चारच जागा धरल्या: दार, अंगावरचा कपडा, एक खेळ आणि केक. बाकी भिंती जशा आहेत तशा. रंग दोन, हिरवा आणि निळा, म्हणजे ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यांचे. दारावर पताका, त्याही मेन रोडवरून आणलेल्या घोटीव कागदाच्या, खळीने सुतळीला चिकटवलेल्या. फ्लेक्स नाही, थर्माकोल नाही. सजावटीचं थर्माकोल महाराष्ट्रात २०१८ पासूनच बंद आहे, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर त्यासोबत फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या, प्लॅस्टिकच्या ताटल्या-चमचे, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिकचे बॅनर हेही बंद आहे. दुकानात अजून मिळतं, ती गोष्ट वेगळी. पण घंटागाडीच्या थीमला थर्माकोल लावायचं म्हणजे दादांना तोंड कसं दाखवणार?

सगळ्यात जमली ती जॅकेटं. आमच्या शॉपफ्लोअरवर घालतात तसली, नारिंगी. लहान मापाची मिळत नाहीत, म्हणून बहिणीने साध्या नारिंगी सुती कापडाची शिवली. माप इराच्या फ्रॉकचं, त्यात दोन बोटं सैल. बाह्या नाहीत, बटणं नाहीत, पुढे वेलक्रोची एक पट्टी. पाठीवर हार्डवेअरच्या दुकानातली चंदेरी रेडियम पट्टी, आडवी. ही पट्टी कापडावर नुसती चिकटवली तर तासाभरात कोपरे सुटतात. दोन्ही टोकांना टाका हवाच. अशी नऊ जॅकेटं, इरासकट नऊ पोरांसाठी. पोरं आली की दारातच घालायची आणि जाताना घालूनच घरी न्यायची. तोच पोशाख, तीच परतभेट. पेन्सिल-रबराची पाकिटं भरत बसावं लागलं नाही. आणि पाहुण्यांना ‘ड्रेस कोड’ कळवून दुसऱ्यांच्या आयांना बाजारात पळवू नये हे माझं ठाम मत आहे. आमंत्रणाचा मेसेज एवढाच होता: “शनिवारी संध्याकाळी ५ ते साडेसहा घंटागाडी येणार आहे. कचरा नको, पोरं आणा.”

गाडी केली मिक्सरच्या मोठ्या खोक्याची. तळ आणि वरची झाकणं कापून टाकायची, मुलाने आत उभं राहून खोकं कमरेशी धरायचं, खांद्यावरून दोन नाड्या. नाड्यांची भोकं पुठ्ठ्यात थेट पाडलीत तर फाटणार, आतून पुठ्ठ्याचाच दुहेरी तुकडा लावा. कापलेल्या कडांवर कागदी टेप. चाकं म्हणजे चार कागदी ताटल्या. घंटा भांडी बाजारातून एक छोटी पितळी आणली.

इथे माझी चूक. एक घंटा, नऊ पोरं. केक कापायच्या आधीच घंटेवरून दोघांची झोंबाझोंबी झाली, एकाने दुसऱ्याच्या हाताला चावा घेतला. ज्या वस्तूत खेळाचा जीव आहे ती एकच ठेवायची नाही हे मला कळायला हवं होतं. बायकोने स्वयंपाकघरातून स्टीलच्या वाट्या आणि चमचे आणून वाटले तेव्हा शांतता झाली. म्हणजे आवाज चौपट झाला, पण भांडण मिटलं.

खेळ साधा: वर्तमानपत्राचे बोळे, रिकामी काड्यापेटीची खोकी, हिरव्या कागदाची पानं, कागदाची केळीची सालं खोलीभर पसरायची. दोन बादल्या. ओला इकडे, सुका तिकडे. मी धरलं होतं दहा मिनिटं चालेल. पाच वेळा खेळले, आणि शेवटी खोली आवरलेली मिळाली. हारजीत ठेवू नका. चार वर्षांच्या मुलाला हरणं म्हणजे काय ते नीट कळतं.

केक साधा पांढरा अननसाचा, वर धुऊन पुसलेली खेळण्यातली गाडी. फॉन्डंटचा गाडीच्या आकाराचा केक करू नका. तो साखरेचा लगदा असतो, दाम जास्त घेतो आणि पोरं सोलून बाजूला ठेवतात. गडद निळ्या क्रीमने सगळ्यांचे ओठ-दात निळे होतात, हेही आधी बघून झालंय. बाकी खायला आईचे छोटे बटाटेवडे, तिखट कमी, आणि द्राक्षं. फेब्रुवारीत नाशिकात द्राक्षं नाहीत असं घर सापडणार नाही. पण पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात अख्खं द्राक्ष देऊ नका, घशात नेमकं अडकायच्या मापाचं असतं. उभं चिरायचं, आडवं नाही, आणि जमल्यास उभेच चार तुकडे. शेंगदाणे आणि पॉपकॉर्न मोठ्यांच्या ताटात.

मी तपासणीवाला, तेव्हा एवढं सहन करा. तरंगणारे फुगे घेऊ नका: सिलिंडरमध्ये हीलियमच आहे याची खात्री नसते, स्वस्तात पडतो म्हणून हायड्रोजन भरतात आणि तो मेणबत्तीजवळ पेटतो. हातपंपाने हवा भरलेले थोडे फुगे पुरेत, आणि फुटले की रबराचा तुकडा लगेच उचलायचा, कारण तो पहिला तोंडात जातो. तो फसफसणारा बर्फाचा स्प्रे तर घरातच आणू नका, त्यातला गॅस पेट घेतो. औक्षणाची निरांजनंसुद्धा आम्ही पताकांपासून लांब, आतल्या खोलीत लावली. चमकत्या दिव्यांच्या स्वस्त खेळण्यांत बटणाएवढी बॅटरी असते. झाकणाला स्क्रू नसेल तर ते खेळणं परत.

खर्च सांगायचा तर कापड, पट्टी, कागद, घंटा, केक, खाणं सगळं धरून ४,२०० रुपये. गेल्या वर्षीची नुसती कमान त्याहून महाग होती.

साडेसहाला पोरं जॅकेटं घालूनच गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली तेव्हा समोरच्या इमारतीतली तिघं त्याच जॅकेटांत खाली उभी होती. खोक्याची गाडी पुढे महिनाभर गॅलरीत होती. एका रात्री पाण्याचा तांब्या सांडून ती भिजली, बसकण मारली. मी म्हटलं, ठेवू या का दुरुस्त करून? इराने तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, ओलं झालंय. पण हा सुका कचरा आहे.” मग गॅलरीत वाळवून दोन दिवसांनी तिनेच ती खाली नेली.