जुना कूलर विकताय? आकडा आधीच लिहा

फेब्रुवारी सरला की जळगाव-भुसावळच्या ग्रुपवर जुन्या कूलरचे फोटो पडायला लागतात, आणि खाली ‘किंमत इनबॉक्समध्ये’. हे आधी बंद करा. आकडा लिहा, पुढे ‘फायनल’ की ‘थोडंफार कमी होईल’ तेही लिहा. नव्या कूलरचा आजचा भाव पाहून किंमत धरा, 4 वर्षांपूर्वीचं बिल दाखवून नव्हे. टाकीच्या तळाला गंज, पंप बदललेला, बाजूच्या गवताच्या जाळ्या बसलेल्या, हे सगळं फोटोत दिसू द्या. जाळ्या स्वस्तात बदलतात. गळकी टाकी मात्र घेणाऱ्याला मे महिन्यात रडवते. पारा 45 च्या घरात गेला म्हणून ठरलेला भाव वाढवू नका.

घेणाऱ्यांनीही ऐका. ‘लास्ट किती?’ एवढंच विचारू नका, तुमचा आकडा सांगा. फोनवर 2200 ठरले असतील, तर भुसावळहून 25 किलोमीटर छोटा हत्ती घेऊन दारात आल्यावर ‘भाऊ, 1800 करा ना’ म्हणू नका. (न सांगितलेली खोट निघाली तर खुशाल म्हणा.) घ्यायचा नसेल तर दुसऱ्याच्या पोस्टखाली ‘एवढ्यात नवा येतो’ लिहायची खाजही आवरा. विकला गेला की पोस्टवर तसं टाका.