उघाडीचं तोंड मृगाआधी मोकळं करा

खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, भात कुजतं ते बहुतेकदा पावसाने नाही, उघाडीच्या तोंडातल्या गाळाने. उघाडी म्हणजे बांधातली झडपेची वाट: ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडते, भरतीला खारं पाणी अडवते. दरवर्षी पाहतो, दरवर्षी सांगतो. मृगाला थोडेच दिवस उरलेत, बाकीची कामं मागे ठेवा.

पाणी दाबून लहान होत नाही. शेतात जेवढं शिरलं तेवढं बाहेर गेलं पाहिजे, नाहीतर ते साचणारच. 10 हेक्टरच्या खाजणात (बांध घालून खाडीपासून राखलेल्या शेतात) 100 मिमी पाऊस पडला की 1 कोटी लिटर पाणी होतं, डोंगरावरून येणारं वेगळं. मीटरभर रुंद उघाडीतून अर्धा मीटर खोल धार सेकंदाला 1 मीटर वेगाने वाहिली, तर सेकंदाला 500 लिटर जातात. सगळं निचरायला साडेपाच तास लागतात. ओहोटी साधारण सहा तासांची, आणि बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली गेल्याशिवाय झडप उघडतच नाही. म्हणजे आधीच ओढाताण. त्यात तोंडाशी वीतभर गाळ असला की वाट निम्मी होते, वेळ अकरा तासांवर जातो, आणि त्याआधीच भरती झडप लावून टाकते. उरलेल्या पाण्यावर पुढचा पाऊस.

अरुंद तोंडातून पाणी जोरात जाताना दिसतं, त्याला फसू नका. जोर वाढतो, पण लिटर कमीच जातात. आणि तोच जोर बुडाची माती खातो. खांड, म्हणजे बांधाला पडणारं भगदाड, तिथून जाते.

गेल्या पावसात एका झडपेत प्लास्टिकची बाटली अडकलेली सापडली. फट बोटभर, पण प्रत्येक भरतीला खारं पाणी आत येत होतं. कडेच्या दोन खाचरांतलं रोप तांबूस पडलं होतं. दुकानदाराने मालकाच्या गळ्यात ‘क्षार मारणारं’ महागडं औषध मारलं होतं. मीठ मरत नाही, पावसाच्या पाण्याने धुऊन बाहेर जातं, तेही याच उघाडीतून.

अमावास्या-पुनवेच्या ओहोटीला पाणी सगळ्यात खाली जातं. तेव्हा बाहेरच्या अंगाने उतरा, भरती लागायच्या आत वर या. चौकटीवरची कालवं खरवडा, झडप हाताने हलवून बघा. बांधावर खेकड्यांची ताजी माती दिसली तर बीळ चिखलाने ठासून भरा; खांड अशाही जागी जाते, हा माझा अनुभवाचा अंदाज.

बाकी कामं:
– बियाणं: पनवेल-1, 2 किंवा 3 (खारं सोसणाऱ्या भाताच्या जाती)
– मिठाचं पाणी: 10 लिटरला 300 ग्रॅम, तरंगणारं बी काढा, उरलेलं दोनदा धुऊन सावलीत सुकवा
– थायरम (बुरशीनाशक): किलो बियाण्याला 2.5 ते 3 ग्रॅम

उघाडी साऱ्या गावाची. घरटी एक माणूस, एक घमेलं घेऊन येत्या उधाणाची ओहोटी धरा.