मूडलमधले रुब्रिक स्क्रिप्टकडून कसे भरून घ्यावे

सीबीएसईच्या दहावीला अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण असतात. त्यातले ५ विषय-संवर्धनाचे, म्हणजे सामाजिक शास्त्रात नकाशाकाम आणि प्रकल्प. समजा, इंदूरच्या मुलांना राजवाड्यावर प्रकल्प दिला. तो तपासायला रुब्रिक लागते, म्हणजे निकष, त्यांच्या पातळ्या आणि प्रत्येक पातळीचे गुण यांचा तक्ता. चार निकष आणि प्रत्येकाच्या चार पातळ्या धरल्या, तर मूडल या ऑनलाइन अभ्यासवर्गाच्या प्रणालीत ३६ चौकटी (४ निकष, १६ वर्णने, १६ गुण) भराव्या लागतात. हे टायपिंग एका स्क्रिप्टच्या, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमच्या, मदतीने ब्राउझरला करू द्यावे. शिक्षकाचा वेळ पातळ्यांची वर्णने लिहिण्यात जायला हवा.

गुगल क्लासरूम वापरत असाल तर स्क्रिप्टची गरज नाही. तिथे गुगल शीटवरून रुब्रिक आत घेता येते.

सुरुवात शीटपासूनच करा. एका ओळीत एक निकष; पहिल्या रकान्यात त्याचे नाव, मग प्रत्येक पातळीचे वर्णन आणि गुण. वर्णनात मुलाने काय केले ते दिसले पाहिजे. ‘निरीक्षण उत्तम’ यातून कुणालाच काही कळत नाही. ‘खालचे तीन मजले दगडी व वरचे चार लाकडी, हा फरक स्वतः पाहून चित्रासह नोंदवला’ असे लिहिले, की दोन वेगवेगळे शिक्षकही सारखेच गुण देतील. गुण मात्र इंग्रजी अंकांतच लिहा, देवनागरी अंक जावास्क्रिप्टला आकडे वाटत नाहीत. आणि एका चौकटीत एंटर मारून दुसरी ओळ सुरू करू नका, कॉपी करताना तक्ता तिथेच मोडतो.

आता ब्राउझरमध्ये आपली स्क्रिप्ट चालवू देणारे टॅम्परमंकी हे एक्स्टेन्शन बसवा. नव्या क्रोममध्ये त्याच्या तपशिलाच्या पानावर ‘अलाऊ यूजर स्क्रिप्ट्स’ चालू करावे लागते, नाहीतर स्क्रिप्ट चालतच नाही. मग नवी स्क्रिप्ट उघडा. स्क्रिप्ट कुठल्या पानावर चालावी ते सांगणाऱ्या ‘मॅच’च्या ओळीत फक्त रुब्रिक संपादनाच्या पानाचा पत्ता द्या, प्रश्नचिन्हापासून पुढचे काढून तिथे तारा (*) टाका. ही ओळ कधीही सैल ठेवू नका. स्क्रिप्ट तुमच्याच लॉगिनने चालते आणि त्या लॉगिनमागे मुलांचे गुण असतात. दुसऱ्याची स्क्रिप्ट घ्यायची असेल तर शाळेच्या कम्प्युटर सरांना आधी वाचून पाहायला सांगा.

स्क्रिप्टचे काम थोडक्यात असे: शीटमधून कॉपी करून चिकटवलेला मजकूर ओळींवर तोडायचा, प्रत्येक ओळ टॅबवर तोडायची (शीटमधून कॉपी केलेले रकाने टॅबनेच वेगळे येतात), पानावर किती निकष आणि पातळ्या आधीच आहेत ते मोजायचे, कमी पडतील तेवढ्याच वेळा ‘निकष जोडा’ आणि ‘पातळी जोडा’ ही बटणे दाबायची, मग चौकटी भरायच्या. चौकटीवर राइट-क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ केले की तिचे नाव दिसते. नव्या निकषांच्या नावात ‘न्यूआयडी’ आणि क्रमांक असतो, त्यावरून स्क्रिप्टला नेमकी चौकट सापडते.

सेव्हचे बटण स्क्रिप्टला दाबू देऊ नका. आधी ‘ड्राफ्ट’ म्हणून ठेवा, वाचा, मगच वापरासाठी तयार करा. वाचताना सर्वांत खालची पातळी ० गुणांची आहे ना, ते बघा. नसेल, तर रुब्रिकच्या पर्यायांत किमान गुणांची चौकट टिक केलेली आहे ना, तेही बघा; ती टिक काढलेली असेल, तर मूडल किमान बेरजेलाच शून्य धरतो. मग खालची पातळी १ ठेवली, तरी सगळीकडे १ मिळवणाऱ्या मुलाच्या हाती शून्यच येते.

नववीला तेच रुब्रिक हवे असेल तर स्क्रिप्ट पुन्हा चालवायला नको. टेम्पलेटवरून नवा फॉर्म निवडा आणि शोधताना स्वतःचे फॉर्मही घेण्याच्या चौकटीवर टिक करा.