जर्मनीत जुनं ऑइल-गॅस हीटिंग काढून हीट पंप बसवताय? केएफडब्ल्यूची सबसिडी नीट कशी घ्यायची

जर्मनीत जुनं घर घेतलेल्या आपल्या लोकांसाठी हे लिहितोय. केलरमध्ये, म्हणजे तळघरात, सत्तर-ऐंशीच्या दशकातली ऑइलची टाकी, त्याच्या शेजारी घरघरणारा बॉयलर, आणि हिवाळा संपला की हातात येणारं बिल, हे चित्र बऱ्याच घरांत आहे. वर २०२१ पासून ऑइल आणि गॅसवर सीओटूचा अधिभार लागतो, तेव्हा टनामागे २५ युरो होता, २०२५ मध्ये ५५ झाला, म्हणजे जुनं हीटिंग चालवणं दरवर्षी महागच होत जाणार. ते काढून हीट पंप, म्हणजे हवेतून किंवा जमिनीतून उष्णता घेऊन घर गरम करणारं विजेवरचं यंत्र, बसवायला सरकार केएफडब्ल्यू या सरकारी बँकेमार्फत पैसे देतंय आणि चांगले देतंय, पण कागदांचा क्रम चुकला की हातचे पंधरा-वीस हजार युरो जातात आणि मागाहून ते कोणी मिळवून देऊ शकत नाही. म्हणून आधी क्रम सांगतो, मग टक्के.

पहिलं म्हणजे काम करणाऱ्या कंपनीचं कोटेशन घ्या, शक्यतो दोन-तीन कंपन्यांचं. त्यातलं एक पसंत पडलं की लगेच सही करायची नाही. करारात एक अट लिहून घ्यायची, की केएफडब्ल्यूची मंजुरी आली तरच हा करार लागू होईल, किंवा मंजुरी आली नाही तर करार आपोआप रद्द होईल. दोन्हीपैकी कुठलीही चालते. आणि काम साधारण कधी होणार ती तारीखही करारात पाहिजे. ही अट नसलेला करार तुम्ही अर्जाच्या आधी सही केलात तर नियमानुसार तुमचं काम आधीच सुरू झालं असं धरलं जातं आणि सबसिडीचा विषय तिथेच संपतो. चांगल्या कंपन्यांकडे या अटीचा छापील मजकूर तयार असतो, पण काही छोट्या हांडवर्कर, म्हणजे कारागीर, लोकांना हे नीट माहीत नसतं, ते "आधी सही करा, अर्ज नंतर बघू" म्हणतात, तेव्हा गोड बोलून पण ठामपणे थांबायचं.

करार झाला की तीच कंपनी किंवा एनर्जी एक्स्पर्ट तुम्हाला "बेश्टेटिगुंग त्सुम आंत्राग", म्हणजे अर्जासाठीचा दाखला, बनवून देतात, त्यावर एक नंबर असतो. तो नंबर घेऊन "माइने केएफडब्ल्यू" पोर्टलवर स्वतःचं खातं काढायचं आणि ४५८ नंबरच्या योजनेत अर्ज भरायचा. अर्ज घरमालकाच्या नावाने असतो, ग्रुंडबुखमध्ये, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी नोंदवहीत, ज्यांचं नाव तेच मालक, नवरा-बायको दोघांची नावं असतील तर आधीच ठरवा कोण भरणार. पासपोर्ट भारतीय आहे म्हणून काही अडत नाही, मालकी महत्त्वाची. फक्त घर नवं नको, बांधकामाचा अर्ज किमान ५ वर्षांपूर्वीचा पाहिजे. मंजुरी आली की मग काम सुरू, आणि ते पूर्ण करायला ३६ महिने मिळतात, त्यामुळे घाई करून वाईट कंपनी पकडायची गरज नाही.

आता टक्के. २०२४ पासूनची रचना अशी आहे की ३० टक्के सगळ्यांना, घर भाड्याने दिलेलं असलं तरीही. हीट पंपात आत फिरणारा वायू (रेफ्रिजरंट) प्रोपेनसारखा नैसर्गिक असेल किंवा तो जमिनीतून, पाण्यातून उष्णता घेत असेल तर आणखी ५. तुम्ही स्वतः त्या घरात राहत असाल आणि चालू स्थितीतलं जुनं हीटिंग काढत असाल तर २०२८ च्या शेवटापर्यंत आणखी २०. यात ऑइल, कोळसा, नाइट स्टोरेज (रात्रीच्या विजेवर उष्णता साठवणारे हीटर) आणि फ्लॅटमधलं भिंतीवरचं गॅस हीटिंग कितीही वर्षांचं चालतं, पण नेहमीचं सेंट्रल गॅस हीटिंग असेल तर ते किमान २० वर्षं जुनं लागतं. वर्ष माहीत नसेल तर बॉयलरच्या पाटीवर किंवा शोर्नश्टाइनफेगरच्या, म्हणजे चिमणी तपासणाऱ्याच्या, कागदात सापडतं. आणि शेवटचे ३० टक्के उत्पन्नाचे, घरात राहणाऱ्या मालकाच्या कुटुंबाचं करपात्र उत्पन्न वर्षाला ४०,००० युरोपर्यंत असेल तर. सगळं मिळून कमाल ७० टक्के.

त्या "चालू स्थितीतलं" या शब्दांकडे नीट लक्ष द्या. बॉयलर जानेवारीत बंद पडेपर्यंत वाट बघितली तर २० टक्क्यांचा दावाही अडचणीत येतो आणि घरात लहान मुलं असताना थंडीत जो पहिला माणूस येईल त्याच्याकडून काहीतरी बसवून घ्यावं लागतं. २० वर्षं झालेला बॉयलर असेल तर उन्हाळ्यातच हालचाल करा. तरीही मध्येच बिघाड झालाच तर तात्पुरतं भाड्याचं हीटिंग आणता येतं आणि त्याचं भाडंही खर्चात धरता येतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

लोक ७० टक्के ऐकून खूश होतात पण टक्के कशावर ते बघत नाहीत. एका घरासाठी जास्तीत जास्त ३०,००० युरोचा खर्च धरला जातो. समजा कोटेशन ३६,००० चं आहे, ऑइलचं हीटिंग जातंय, प्रोपेनचा हीट पंप येतोय, तुम्ही स्वतः राहताय आणि पगार बरा आहे. ३०, ५ आणि २० मिळून ५५ टक्के, पण ३०,००० वर, म्हणजे १६,५०० युरो मिळतील आणि १९,५०० खिशातून. उत्पन्नाची अट बसली तर ७० टक्के म्हणजे २१,००० आणि खिशातून १५,०००. घर भाड्याने दिलं असेल तर ३५ टक्के, १०,५००.

दोन कुटुंबांचं घर असेल, म्हणजे खाली तुम्ही आणि वर भाडेकरू, तर मर्यादा ४५,००० होते, कारण दुसऱ्या ते सहाव्या घरासाठी प्रत्येकी १५,००० मिळतात. पण मालक राहतो त्याचा बोनस फक्त त्याच्या वाट्यावर आणि वाटे समान पडतात, म्हणजे २२,५०० वर. हिशोब असा की ४५,००० च्या ३५ टक्के १५,७५०, त्यात २२,५०० चे २० टक्के ४,५००, एकूण २०,२५०. कोटेशन वाचताना हा हिशोब स्वतः मांडा, कंपनीच्या जाहिरातीत नेहमी ७० टक्केच लिहिलेलं असतं.

उत्पन्नाच्या ३० टक्क्यांबद्दल जरा थांबून सांगतो, कारण आपल्यातले बरेच जण "आयटीत आहोत, आपल्याला कुठलं" म्हणून बघतच नाहीत. इथे पगार बघत नाहीत, टॅक्स ऑफिसच्या श्टोयरबेशाइडवर, म्हणजे रिटर्ननंतर येणाऱ्या कर-निर्धारणाच्या पत्रावर, जे करपात्र उत्पन्न लिहिलेलं असतं ते बघतात, आणि तेही अर्जाच्या आधीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची सरासरी. म्हणजे २०२६ मध्ये अर्ज केला तर २०२३ आणि २०२४. त्या वर्षांत एकजण मुलासाठी घरी असेल तर एल्टर्नगेल्ड, म्हणजे मूल झाल्यावर पालकांना मिळणारा सरकारी भत्ता, करपात्र उत्पन्नात येत नाही, त्यामुळे एका पगारावर चाललेलं घर ४०,००० च्या आत बसू शकतं. त्या दोन्ही वर्षांचे बेशाइड हातात असले पाहिजेत, ज्यांनी रिटर्न भरलेच नाहीत त्यांनी आधी ते भरावेत, ज्यांच्यावर सक्ती नाही त्यांनाही ४ वर्षं मागचं भरता येतं. सोबत रहिवासाचा दाखला आणि ग्रुंडबुखचा उतारा काढून ठेवा.

खर्चात काय काय धरतात हेही विचारून घ्या. फक्त मशीन धरत नाहीत, जुनी ऑइलची टाकी काढून नेणं, बाहेरच्या युनिटचा काँक्रीटचा पाया, गरम पाण्याची टाकी, छोटे रेडिएटर बदलून मोठे लावणं, जमिनीतला हीट पंप असेल तर बोअर, आणि सगळ्या रेडिएटरमध्ये पाणी बरोबर वाटलं जाईल असं सेटिंग, जे करणं तसंही सक्तीचं आहे, हे सगळं त्यात येतं. छतावरचं सोलर मात्र यात येत नाही.

आता माझं ठाम मत. अर्जाच्या आधी घराची तपासणी करा, नाहीतर सबसिडी मिळूनही विजेचं बिल रडवेल. सोपी चाचणी आहे, कडाक्याची थंडी पडली की जुन्याच बॉयलरचं पाणी ५५ अंशांवर आणायचं, व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचे आणि एक-दोन दिवस बघायचं. खोल्या गरम राहिल्या तर घर हीट पंपासाठी तयार आहे, मग साठच्या दशकातलं असलं तरी. एखादीच खोली गार राहिली तर तिथला रेडिएटर बदला. सगळंच घर गार पडलं तर आधी छत आणि केलरचं इन्सुलेशन बघा. आणि कंपनीकडून खोलीनिहाय उष्णतेचा हिशोब लेखी मागा, जुना बॉयलर २५ किलोवॅटचा होता म्हणून तेवढाच मोठा हीट पंप लावणारे लोक आहेत, तो सारखा चालू-बंद होत राहतो आणि लवकर झिजतो. थंड भागात हीच चूक महाग पडते.

इन्सुलेशन, खिडक्या, दारं यांचे पैसे केएफडब्ल्यू नाही, बाफा हे केंद्र सरकारचं कार्यालय देतं, १५ टक्के, वर्षाला ३०,००० पर्यंतच्या खर्चावर. एनर्जी एक्स्पर्टकडून घराचा टप्प्याटप्प्याने सुधारणेचा आराखडा करून घेतला तर बाफाचे ५ टक्के वाढतात आणि मर्यादा ६०,००० होते. आराखड्याच्या फीतही निम्मे सरकार देतं, एक-दोन कुटुंबांच्या घराला कमाल ६५०. माझ्या मते जुन्या घरासाठी हा आराखडा करावाच, आणि फक्त हीटिंगबद्दल शंका असतील तर फेरब्राउखरत्सेंट्रालेचा, म्हणजे ग्राहक सल्ला केंद्राचा, सल्ला आहे, फोनवर फुकट बोलतात आणि ते काही विकत नाहीत, त्यामुळे खरं सांगतात.

फ्लॅट असेल आणि बिल्डिंगचं हीटिंग एकच असेल तर अर्ज सोसायटीच्या नावाने मॅनेजर करतो, ३० आणि ५ टक्क्यांसाठी, आणि तुम्ही स्वतः राहत असाल तर तुमचे बोनस तुम्ही वेगळ्या अर्जाने घ्यायचे. मॅनेजर हे सांगेलच असं नाही, मीटिंगमध्ये तुम्हीच विचारा.

उरलेल्या पैशांसाठी केएफडब्ल्यूचं पूरक कर्ज आहे, एका घराला १,२०,००० पर्यंत, पण मंजुरीचा कागद आल्यावरच आणि आपल्या बँकेतून. करपात्र उत्पन्न ९०,००० च्या आत असेल तर व्याज कमी लागतं. सबसिडी नकोच किंवा क्रम आधीच चुकला असेल तर टॅक्सचा रस्ता उरतो, १० वर्षांपेक्षा जुन्या, स्वतः राहत असलेल्या घरासाठी खर्चाच्या २० टक्के तीन वर्षांत टॅक्समधून वजा होतात, ७, ७ आणि ६ असे, एकूण कमाल ४०,०००. एकाच खर्चावर दोन्ही मिळत नाही. ज्यांनी करार आधीच सही केलाय त्यांनी टॅक्स सल्लागाराकडे हेच विचारावं.

काम संपल्यावर कंपनीकडून "बेश्टेटिगुंग नाख डुर्खफ्युरुंग", म्हणजे काम पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेट, घ्यायचं, बिलं पोर्टलवर टाकायची, मग पैसे खात्यात येतात. बिल जर्मनमध्ये, घराच्या पत्त्यासकट आणि मशीन-मजुरी वेगळी दाखवलेलं पाहिजे, आणि पैसे बँकेतूनच द्यायचे, रोख दिलेले धरत नाहीत. म्हणजे आधी सगळी रक्कम तुम्हालाच भरावी लागते, त्याची सोय बघूनच कंपनीबरोबर हप्ते ठरवा. टक्के आणि अटी सरकार बदलू शकतं म्हणून अर्जाच्या दिवशी केएफडब्ल्यूचं पान पुन्हा एकदा वाचा, आणि शेवटचा हप्ता ते दुसरं सर्टिफिकेट हातात आल्यावरच सोडा.